शेपटीकडचा माणूस

नुमारोनच्या आत ओकिनो असायचा,
हे आता सगळ्यांना माहीत आहे.
त्याच्या मुलाखती झाल्या, त्याच्या घामाचं मोजमाप छापून आलं:
दर शॉटनंतर बुटांतून पाऊण बादली.
पण शेपूट?
शेपटीपर्यंत ओकिनो पुरत नव्हता.
नऊ हात रबर, आत बांबूच्या कामट्या,
आणि वर, छतालगतच्या फळीवर पालथा पडून,
सहा तारा बोटांना गुंडाळलेला
तोकुजी कामेयामा.

चोशी बंदरातला. बाप ट्यूना धरायचा.
ओढायचं कधी, सैल सोडायचं कधी,
हे मनगटात घेऊनच तो टोकियोला आला
आणि स्टुडिओत त्याला विचारलं एवढंच,
"उंचीची भीती वाटते का?"

खाली दर महिन्याला नवं शहर उभं राहायचं,
गुडघ्याएवढं.
पुठ्ठ्याच्या पेढ्या, प्लास्टरचे पूल,
काडेपेटीएवढ्या ट्राम,
गच्चीवर वाळत घातलेले कपडेसुद्धा, नखाएवढे.
मग भोंगा वाजायचा, नुमारोन तळ्यातून वर यायचा
आणि दुपारच्या डब्याआधी महिन्याची मेहनत जमीनदोस्त.
एका शेपटीने अख्खं नगर जाळल्याची गोष्ट
आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं.
तोकुजीला ती ठाऊक नव्हती.
त्याचा विमाही नव्हता.

त्या दिवशी घड्याळाचा मनोरा पाडायचा नव्हता.
पटकथेत स्वच्छ लिहिलेलं: राक्षस थांबतो. मनोऱ्याकडे बघतो.
पाठ फिरवून निघून जातो.
शहर वाचतं. संगीत.
मनोरा सुमिए नावाच्या मुलीने केला होता,
एकोणीस दिवस, तीनशे चाळीस खिडक्या,
प्रत्येकीला पातळ कागदाची काच,
आणि एका खिडकीत, कॅमेऱ्याला कधीच दिसणार नाही असं,
एक मांजर.

ओकिनो थांबला. बघितलं. पाठ फिरवली.
वर फळीवर प्लास्टरची धूळ
तोकुजीच्या नाकात गेली.

बस्स. एवढंच.
एक शिंक, सहा तारा, एक हिसका,
आणि शेपूट असं काही सळसळून उठलं
की मनोरा कमरेत मोडला,
आधी सावकाश, लाजत,
मग धाडकन.

दिग्दर्शक "कट" म्हणायचं विसरला.

पुढे शाळांच्या मैदानांत पोरं
थांबू लागली, बघू लागली, पाठ फिरवू लागली
आणि कमरेला बांधलेल्या दोरीने दुसऱ्यांची दप्तरं पाडू लागली.
तो हिसका बिअरच्या जाहिरातीत आला,
राजीनामा देणाऱ्या मंत्र्याच्या व्यंगचित्रात आला.
मग प्राध्यापक आले:
ते वळून जाणं म्हणजे क्षमा,
आणि ते शेपूट म्हणजे क्षमा करूनही उरलेला राग.
एकाला त्यावर डॉक्टरेट मिळाली.
तोकुजीला मिळाली नेहमीचीच मजुरी,
वजा मनोऱ्याचा खर्च.

सुमिए अकरा दिवस त्याच्याशी बोलली नाही.
बाराव्या दिवशी म्हणाली, "मांजर सापडलं?"
त्याने खिशातून काढून दिलं.
लग्न पुढच्या वसंतात झालं,
पण तो विषय मिटला असं कुणी समजू नये.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, म्हणतात.
ओकिनो गेल्या थंडीत गेला.
नुमारोन आता संग्रहालयात, काचेआड,
शेपूट कपाटात मावेना म्हणून वेटोळं करून
नायलॉनच्या दोरीने टांगलेलं.
गाठ चुकीची.
समोर खुर्च्या मांडून त्या हिसक्यावर व्याख्यान.
तोकुजी शेवटच्या रांगेत. मागे बसायची सवयच त्याला.

"कुणाला काही विचारायचंय?"
त्याने हात वर केला. उभा राहिला.
साठ वर्षं सांगायचं राहिलेलं वाक्य
ओठांपर्यंत आलं,
आणि त्याच्याही आधी, जुन्या रबराची धूळ.

असा शिंकला
की पुढच्या तीन रांगा वळून बघू लागल्या.
मनगटाला आपोआप हिसका बसला.
काहीच पडलं नाही.

शेजारून सुमिएने, न बघता, रुमाल पुढे केला.
"एकोणीस दिवस," ती पुटपुटली.